करंट अकाउंट दुसऱ्या बँकेत हलवायचं का? आधी वर्षभराचं स्टेटमेंट काढा

सांगलीत आमचं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. बाजारपेठेतली ओळखीची माणसं मला हल्ली एकच गोष्ट विचारतात, बँक बदलू का रे, इकडे लय चार्जेस कापायला लागलेत. मला विचारतात कारण मी दोनदा बँक बदललीय, एकदा रागाच्या भरात आणि एकदा नीट बसून विचार करून, आणि दोन्हीत किती फरक पडतो ते मी भोगलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे करंट अकाउंटबद्दल आहे, म्हणजे धंद्याचं खातं, ज्यावर व्याज मिळत नाही. सेव्हिंगचं गणित वेगळं असतं.

सगळ्यात आधी, मोबाईल नंबर पोर्ट होतो तसं खातं पोर्ट होत नाही. इंग्लंडमधे २०१३ पासून अशी सोय आहे, सात कामकाजी दिवसांत जुन्या खात्यावरचे हप्ते, येणी सगळं नव्या बँकेकडे आपोआप वळतं. आपल्याकडे तसं काही नाही, नवीन खातेनंबर म्हणजे तो नंबर जिथे जिथे दिलाय तिथे तिथे आपणच जाऊन बदलायचा. त्यामुळे "बघू, नाही जमलं तर परत येऊ" असं म्हणून हे करू नका.

आता पहिलं काम. कुठल्याही बँकेच्या जाहिरातीकडे बघू नका, कुणाचा फोन आला तर "कळवतो" म्हणा, आणि आपल्याच खात्याचं मागच्या एप्रिल ते मार्चचं पूर्ण स्टेटमेंट प्रिंट काढा. मोबाईलवर बघून काही कळत नाही, कागदच हवा. मी एका रविवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर बसून हे केलं, एक लाल पेन घेतलं आणि बँकेनं कापलेल्या प्रत्येक रकमेला गोल केला, मग बाजूला वहीत चार रकाने करून मांडलं: कॅश भरल्याचे, बॅलन्स कमी पडल्याचे, चेकबुक-एसएमएस-कार्डाचे, आणि इतर. दोन तास लागले. एकूण साडेअकरा हजार निघाले आणि त्यातले आठ हजार दोनशेच्या आसपास फक्त कॅश भरल्याचे. मी तोवर सगळ्यांना सांगत होतो की बँक मिनिमम बॅलन्सवरून लुटते. बॅलन्सचे निघाले दोन महिन्यांचे, ते पण थोडेसे.

कॅशचा हिशोब कसा होतो ते बघा, कारण दुकानदाराचं निम्मं दुखणं इथंच असतं. प्रत्येक खात्याला महिन्याला अमुक इतकी कॅश फुकट भरता येते, त्याच्यावर गेलं की हजारामागे काही रुपये लागतात. आमच्या त्या खात्याला दोन लाख फ्री आणि वर हजाराला साडेतीन रुपये असं होतं. आम्ही महिन्याला सरासरी तीन लाख पासष्ट हजार भरायचो, म्हणजे एक लाख पासष्ट हजार जादा, त्याचे पाचशे सत्त्याहत्तर रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले सहाशे ऐंशी. बारा महिन्यांचे आठ हजार पार. कॅश दुसऱ्या शाखेत भरली तर काही बँका वेगळा दर लावतात, शंभरच्या खालच्या नोटा जास्त असल्या तरी काही ठिकाणी वेगळा आकार असतो, ते तुमच्या बँकेच्या चार्जेसच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता वेबसाईटवर टाकलेला असतो, मॅनेजरला मागावा पण लागत नाही.

आणि हा जो जीएसटी कापतात ना, तुम्ही नोंदणीकृत असाल आणि कंपोझिशनमधे (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना) नसाल तर तो परत क्रेडिट म्हणून घेता येतो, फक्त तुमचा जीएसटी नंबर बँकेकडे खात्याला जोडलेला पाहिजे. आमचा जोडलेलाच नव्हता. कित्येक वर्षं ते पैसे तसेच गेले. आजच बघून घ्या, बँक बदला नाहीतर नका बदलू.

मिनिमम बॅलन्सचं पण एक सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं खातं दहा हजाराच्या खाली एक दिवस जरी गेलं की दंड. बहुतेक करंट खात्यांना सरासरी शिल्लक बघतात, म्हणजे रोज दिवस संपताना जे शिल्लक असेल त्याची बेरीज भागिले दिवस. पंचवीस दिवस पाचच हजार राहिले आणि पाच दिवस एक लाख राहिले, तरी सरासरी वीस हजार आठशे येते, म्हणजे दहा हजारवाल्या खात्याला तुम्ही पास. उलट दिवसभर खात्यात पाच लाख फिरले आणि संध्याकाळी सगळे मिलवाल्याला आरटीजीएस करून टाकले तर त्या दिवसाचं शिल्लक शून्यच धरतात. उलाढाल मोठी असून दंड बसतो तो असा.

वहीत रकाने भरले की मग नवीन बँकेकडे न जाता जुन्याच शाखेत जा. हे लोकांना आवडत नाही, पण माझं ठाम मत आहे की पहिली फेरी तिथेच मारायची. मी कागद घेऊन गेलो, मॅनेजर मॅडम नवीन आल्या होत्या, त्यांनी खातं स्क्रीनवर उघडलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं खातं अजून बेसिक स्कीममधे आहे, उघडल्यापासून कुणी बदललंच नाही." त्याच बँकेत वरच्या स्कीमचं खातं होतं, पन्नास हजार सरासरी शिल्लक ठेवायची आणि कॅश पाच लाखापर्यंत फ्री. खातेनंबर तोच, चेकबुक तेच, फक्त एक अर्ज.

पण इथे पण लगेच सही करायची नाही. दहाऐवजी पन्नास हजार म्हणजे माझे चाळीस हजार जादा अडकणार. आमच्याकडे रोखीनं माल उचलला तर लॅमिनेटवाला दीड टक्का सूट देतो आणि तो पैसा वर्षात साधारण पाच वेळा फिरतो, म्हणजे चाळीस हजार अडकले की तीन हजाराची सूट गेली. आठ हजार दोनशे वाचणार, तीन हजार जाणार, निव्वळ पाच हजार दोनशेचा फायदा. तुमच्या धंद्यात पैसा जास्त वेळा फिरत असेल, भाजी-फळं, किराणा वगैरे, तर हेच गणित उलटं येऊ शकतं, मग कॅशचा चार्ज भरणं परवडतं पण पैसा अडकवणं परवडत नाही. प्रत्येकानं आपला आकडा टाकून बघायचा. शेजारच्याचा आकडा कामाचा नाही.

मग बदलायचं कधी? माझ्या मते चार-पाचच कारणं खरी आहेत.

शाखा लांब गेली किंवा कॅश भरायला रोज माणूस तासभर अडकतो, हे पहिलं. दुकानात दोनच माणसं असतील तर हा तास चार्जेसपेक्षा महाग पडतो, आणि तो स्टेटमेंटमधे कुठे दिसत नाही. आमच्या पोरानं आठवडाभर लिहून ठेवलं, निघाला किती वाजता आणि आला किती वाजता. सरासरी पन्नास मिनिटं.

दुसरं, ऑनलाईन काम. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, पण तुमच्या बँकेचं ॲप रविवारी बंद पडत असेल तर त्या चोवीस तासाचा तुम्हाला काय उपयोग. यमुनानगरहून प्लायचा ट्रक भरून उभा आहे आणि पैसे आल्याशिवाय मिलवाला सोडत नाही, अशा वेळी हे कळतं. ऑनलाईन एनईएफटी फुकट हा नियम सेव्हिंग खात्यांसाठी आहे, करंटला बँक चार्ज लावू शकते, तेही बघा. शाखेत जाऊन आरटीजीएस केलं तर दोन ते पाच लाखाला साडेचोवीस आणि पाच लाखाच्या वर साडेएकोणपन्नास रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त कुणाला घेता येत नाही.

तिसरं, कर्ज. आपल्या बँकेत पंधरा वर्षं व्यवहार करून पण ती सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या जोरावर मिळणारं कर्ज) लिमिट वाढवत नसेल आणि दुसरी बँक लेखी द्यायला तयार असेल, तर ते खरं कारण आहे. लेखी म्हणजे सँक्शन लेटर, "होऊन जाईल शेठ" हे सँक्शन नाही. आणि ज्यांची आत्ता सीसी किंवा ओडी (ओव्हरड्राफ्ट) चालू आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा: तुमचं खातं नुसतं खातं नाही, ते कर्ज आहे, ते हलवायचं म्हणजे गहाणखत, स्टॅम्प ड्युटी, व्हॅल्युएशन, प्रोसेसिंग फी सगळं नव्यानं. सीसी एका बँकेत ठेवून नुसतं करंट दुसरीकडे काढण्यावर रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२० मधे बंधनं आणली, नंतर २०२१ मधे लहान कर्जदारांना मोकळीक दिली, तरी नवीन बँक तुमच्याकडून सगळ्या कर्जांचं डिक्लरेशन घेतेच, तिथे काही लपवू नका. एक चांगलं झालंय, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला मुदतीआधी फेडल्याचा दंड व्यापारी बँकांना लावता येत नाही. सीसी असेल तर रिन्युअलच्या तारखेआधीच बँकेला लेखी कळवायचं की आम्ही पुढे चालू ठेवणार नाही, आणि त्या तारखेला बंद करायचं. मधेच उठून गेलात तर उगाच वाद.

चौथं, पैशाची सुरक्षितता. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर मिळणारी भरपाई, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखाचा आहे आणि करंट खात्याला पण तो लागू आहे. पण प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) असेल तर दुकानाचं करंट आणि तुमच्या नावाचं सेव्हिंग, एफडी, त्याच बँकेतलं सगळं मिळून पाच लाख, शाखा वेगळी असली तरी. भागीदारी फर्म वेगळी धरतात. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मधे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, आणि न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर फेब्रुवारी २०२५ मधे आले तेव्हा सुरुवातीला तर काहीच काढता येत नव्हतं. एफडी अडकली तर माणूस थांबतो, करंट अडकलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर कसं उघडायचं. मी सहकारी बँकांच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या वडिलांना पहिलं कर्ज एका नागरी बँकेनंच दिलं जेव्हा मोठ्या बँका दारात उभं करत नव्हत्या. फक्त कुठल्याच बँकेत, मोठ्या असो की छोट्या, धंद्याचा सगळा पैसा एका जागी नको. दुसऱ्या बँकेत एक साधं खातं चालू ठेवा.

पाचवं, तक्रार करून करून पण काम होत नाही. यात एक पायरी लोक गाळतात. बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. चुकीचा कापलेला चार्ज बँक सोडून गेलात तरी आपोआप परत येत नाही, तो आधी मागून घ्या.

झिरो बॅलन्सवाल्या ऑफरबद्दल दोन शब्द. ती पोरं उन्हातान्हात फिरतात, टार्गेट असतं त्यांना, मी त्यांना पाणी दिल्याशिवाय पाठवत नाही. पण विचारायचं ते विचारायचंच. झिरो किती महिने? स्वाइप मशीन घेतलं तरच झिरो का, आणि मशीनचं भाडं किती? क्यूआरवर महिन्याला किती गल्ला झाला पाहिजे? कॅश किती फ्री? आणि हे सगळं मला बँकेच्या ईमेलवरून पाठव. जो पाठवतो त्याच्याशी पुढे बोला. मला आलेल्या तीन ऑफरपैकी एकाचाच मेल आला.

आता माझी पहिली चूक, कारण बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. २०१७ ची गोष्ट, बँकेचं नाव घेत नाही. काउंटरवर वाद झाला, मी तिथेच अर्ज लिहिला आणि खातं बंद करून आलो. दोन महिन्यांनी वडिलांच्या मोबाईलवर कोल्हापूरच्या एका सप्लायरचा फोन. "दादा, तुमचा चेक परत आलाय, खातं बंद म्हणून." साडेअडतीस हजाराचा चेक होता, त्यांनी विश्वासानं ड्रॉवरमधे ठेवला होता, घाई नाही म्हणून. मी चेकबुकच्या काउंटरफॉईलवर रक्कम लिहिली होती आणि ती वहीत उतरवलीच नव्हती. वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रोख घेऊन कोल्हापूरला गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. संध्याकाळी आले, तो चेक आणि त्याला टाचलेली बँकेची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली, आणि जेवायला बसले. तीस वर्षांचा व्यवहार होता म्हणून निभावलं. खातं बंद म्हणून परत आलेला चेक पण चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली येतो, सुप्रीम कोर्टानं १९९९ मधेच सांगितलंय, म्हणजे "पैसे होते हो, खातंच नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

म्हणून हलवायचं ठरलं तर पद्धत अशी. नवीन खातं काढा, जुनं चालू ठेवा. नवीनसाठी पॅन, आधार, गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) किंवा उद्यम (लघुउद्योग नोंदणी), जीएसटी सर्टिफिकेट, दुकानाचा शिक्का आणि भागीदारी असेल तर डीड आणि फर्मचं पॅन एवढं तयार ठेवलं की काम होतं. गुमास्त्यावरचं नाव आणि जीएसटीवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का बघा, आमच्याकडे एकावर "ट्रेडर्स" आणि दुसऱ्यावर "ट्रेडिंग" होतं, त्यात आठ दिवस गेले.

खातं उघडल्या दिवसापासून नवीन चेक नव्या खात्याचेच द्यायचे. जुन्या चेकबुकातला शेवटचा चेक कुठल्या तारखेचा ते लिहा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे पुढची तारीख टाकून दिलेले असतील तर त्या तारखेपासून तीन महिने मोजायचे. तोवर जुन्या खात्यात पैसे पाहिजेत. आणि ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटायला लागलेत, "आज टाकला तर परवा जाईल" हा जुना हिशोब आता धरू नका.

मग येणारे पैसे. जीएसटी पोर्टलवर नवीन खातं जोडा, ते नॉन-कोअर अमेंडमेंटमधे होतं, जुनं लगेच काढायची गरज नाही, दहापर्यंत खाती ठेवता येतात. इन्कम टॅक्स पोर्टलवर रिफंडसाठी नवीन खातं व्हॅलिडेट करा. उद्यमवर बदला. क्यूआर आणि साउंडबॉक्सचं सेटलमेंट कुठल्या खात्यात जातं ते बदला आणि बदलल्यावर स्वतःच दहा रुपये टाकून दुसऱ्या दिवशी कुठे आले ते बघा. तासगावकडचे बेदाणा एक्स्पोर्टवाले असतील तर त्यांना एडी कोड (परदेशी चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा कोड) नवीन बँकेचा घेऊन पोर्टवर रजिस्टर करावा लागतो, तो होईपर्यंत कंटेनर लावू नका.

जाणारे हप्ते: गाडीचा, विम्याचा, मशीनचा. हे स्टेटमेंटवरूनच सापडतात, म्हणून वर्षभराचं काढायला सांगितलं, कारण वर्षातून एकदा जाणारा विम्याचा हप्ता तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमधे दिसत नाही. प्रत्येकाचं मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, नव्या खात्यावर नव्यानं करावं लागतं, आणि नव्या खात्यातून एक हप्ता गेलेला डोळ्यांनी बघेपर्यंत जुन्यात तेवढे पैसे ठेवा.

गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर नवीन खातेनंबर नुसता पाठवू नका. हल्ली "आमचं खातं बदललंय" असे खोटे मेसेज पाठवून पैसे उकळतात, त्यामुळे शहाणा माणूस अशा मेसेजवर पैसे टाकत नाही आणि टाकू पण नये. मोठ्या पार्ट्यांना मी फोन केला, मग लेटरहेडवर शिक्का मारून कॅन्सल चेकबरोबर पाठवलं. जुन्या बिलबुकांवर जुना नंबर छापलेला होता, त्यावर नव्या नंबरचा रबरी शिक्का करून घेतला, दीडशे रुपयांत काम झालं.

जुनं खातं मी मार्च संपेपर्यंत ठेवलं, म्हणजे सीएला एका वर्षाचं पूर्ण मिळालं. नुसतं सोडून देऊ नका, बॅलन्सचा दंड चढत राहतो आणि दोन वर्षं काहीच व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. बंद करायला जाताना उरलेले चेक घेऊन जा, त्यांच्यासमोर रद्द करा, बंद करायचा चार्ज किती ते आधी विचारा आणि बंद झाल्याचं लेखी पत्र घ्या. आणि हे सगळं करायच्या आदल्या दिवशी नेट बँकिंगमधून मागच्या सात-आठ वर्षांची स्टेटमेंट डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या, खातं बंद झालं की लॉगिन पण बंद होतं, मग जीएसटीची नोटीस आली की एकेका वर्षासाठी शाखेत अर्ज देत बसावं लागतं.